उशाशी बसायला माणूस

तिसगावच्या शाळेत मी रुजू झाले तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. केडगावहून वडील सोबत आले होते. एसटीतून उतरल्यावर त्यांनी शाळा नंतर पाहिली, आधी खोली पाहिली. घरमालकीण एकटी राहणारी विधवा बाई आहे, रोज पहाटे उठून नमाज पढते आणि दिवसभर गाद्या-गोधड्या शिवते, हे कळल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळच्या गाडीने ते परत गेले.

तिला सगळं गाव चाची म्हणायचं. नवरा पिंजारी होता. तो गेल्यावर कापूस पिंजायचं काम बंद पडलं, पण गाद्या भरणं आणि गोधड्या शिवणं तिने चालू ठेवलं होतं. तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकून पांढरा झाला होता. डाव्यातून धुकं असावं तसं काहीतरी दिसायचं. कपात चहा ओतताना ती कडेला आत बोट धरायची, बोटाला चटका बसला की थांबायची. पहिल्या दिवशी मी ते पाहिलं आणि किटली तिच्या हातातून घ्यायला गेले, तर म्हणाली, "बसा बाई. तुमी घरात न्हाई तवा कोन वतून देतं मला?"

समोरच्या घरात एक मावशी राहायची. दसरा झाला की तिचा मुलगा, सून आणि नातवंडं बैलगाडीत संसार भरून ऊसतोडीला निघून जायची, ती उन्हाळ्यात परत यायची. तोवर मावशी एकटी. तिचे दोन्ही डोळे जवळजवळ गेले होते. चाची आणि मावशी रोज कशावरून तरी भांडायच्या. कोंबडीवरून, केरावरून, पाण्याच्या घागरीवरून. आणि दुपारी एकाच ओट्यावर पान लावत बसायच्या.

डोळ्यांचं शिबिर घ्यायचं हे आमच्या हेडमास्तरांच्या मनात आलं. ते पन्नाशीतले, कडक इस्त्रीची टोपी घालणारे, मुलांनी वहीचा कोपरा दुमडलेलाही त्यांना चालायचा नाही. नगरला कुठल्याशा समारंभात त्यांची एका नेत्रतज्ज्ञ डॉक्टरांशी गाठ पडली. डॉक्टर म्हणाले, जागा द्या, व्यवस्था करा, थंडीत एका रविवारी मी येऊन शस्त्रक्रिया करून देतो. हेडमास्तर गावात आले ते तडक शाळेत गेले आणि फळ्यावर खडूने शाळेचा नकाशा काढू लागले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी आम्हा शिक्षकांना थांबवून घेतलं. कोणत्या वर्गात शस्त्रक्रिया, कोणत्या वर्गात बायका, कोणत्या वर्गात पुरुष, पाणी कुठे तापवायचं, अवजारं उकळायला स्टोव्ह किती लागतील, रॉकेल कुठून आणायचं, सगळं त्यांनी मांडलं. मुलांचे वर्ग तेवढे दिवस मारुतीच्या देवळात आणि चावडीत भरणार होते.

"बाई, बाजा आणि अंथरुणं तुमच्याकडे," ते मला म्हणाले. "तुम्ही चाचीच्या घरात राहता, तुम्हाला सोपं जाईल."

सोपं गेलंच. ज्या घरांतली माणसं ऊसतोडीला गेली होती त्या घरांतल्या बाजा भिंतीला उभ्या करून ठेवलेल्या होत्या. किल्ल्या म्हाताऱ्यांच्या कनवटीला. मी आणि चाची दारोदार फिरलो. चाचीला कोणाच्या घरी काय आहे हे तोंडपाठ होतं, कारण गावातल्या बहुतेक गाद्या तिनेच भरल्या होत्या. परत करताना बाजांची अदलाबदल होऊ नये म्हणून तिने गोधड्यांतून उरलेल्या चिंध्यांचं गाठोडं सोडलं. प्रत्येक घराच्या बाजेला वेगळ्या कापडाची पट्टी. कोणती पट्टी कोणाची हे मी लिहून घ्यायला लागले, तर चाची म्हणाली, "लिवायचं काय त्यात? त्यांच्याच जुन्या लुगड्याची बांधतेय, वळखतील की." बाजा शाळेत रांगेने लागल्या तेव्हा हेडमास्तर कमरेवर हात ठेवून बराच वेळ त्या पाहत उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान मी पुढे क्वचितच पाहिलं.

मग आला तपासणीचा दिवस. तो आम्ही मुद्दाम बाजाराचा धरला होता, म्हणजे आसपासच्या गावांतली आणि वस्त्यांवरची म्हातारी माणसं बाजाराच्या बैलगाड्यांत बसून येतील आणि त्याच गाड्यांनी परत जातील. डॉक्टरांनी आपला तरुण मदतनीस पाठवला होता. शाळेच्या पटांगणात लिंबाखाली तो बॅटरी घेऊन बसला आणि एकेकाचे डोळे पाहू लागला. गर्दी अपेक्षेपेक्षा मोठी झाली. हेडमास्तर खुशीत होते.

पण डोळे पाहून झाले की तो प्रत्येकाला एक प्रश्न विचारायचा. "आठ दिवस तुमच्यापाशी कोण बसणार?"

आणि तिथे गाडी अडायची.

"मुलगा कुठंय, बाबा?"

"ऊस तोडायला गेलाय."

"सून?"

"ती बी त्याच्यासंगंच."

"घरी दुसरं कोण आहे?"

म्हातारा हसला. "हायेत की. दोन शेळ्या हायेत."

रांगेतली माणसंही हसली. पण पुढच्याचं उत्तरही तेच होतं, त्याच्या पुढच्याचंही तेच. ज्यांची मुलं ऊसतोडीला गेली नव्हती त्यांची ज्वारी काढणीला आली होती. संध्याकाळपर्यंत हिशेब लागला. बाजा होत्या, गाद्या होत्या, स्टोव्ह होते, डॉक्टर होते. पेशंट तर होतेच होते. पण निम्म्याहून अधिक पेशंटांच्या उशाशी बसायला माणूस नव्हतं. ज्या घरांनी आम्हाला बाजा दिल्या होत्या त्याच घरांत माणसं नव्हती, आणि बाजा गोळा करताना हे माझ्या किंवा इतर कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

दोन दिवसांनी हेडमास्तर आणि मी नगरला डॉक्टरांच्या भेटीला गेलो. हेडमास्तरांनी मला बरोबर का नेलं कोण जाणे, बहुधा एकटं जायला त्यांना अवघड वाटत असावं. डॉक्टर उंच, कमी बोलणारे, आवाज मृदू. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"गुरुजी, माझं काम थोड्या मिनिटांचं असतं," ते म्हणाले. "त्यानंतर पेशंटनं हलायचं नाही, खोकायचं नाही, डोळ्याला हात लावायचा नाही. पहिले काही दिवस दोन्ही डोळ्यांवर पट्टी. पातळ अन्न कोणीतरी चमच्यानं भरवायचं, शौचाचं भांडं कोणीतरी द्यायचं. झोपेत तो उठून बसला तर डोळा जातो. ज्याच्यापाशी माणूस नाही त्याच्या डोळ्याला मी हात लावणार नाही."

"पाडव्यानंतर ठेवलं तर? गेलेले लोक तेव्हा परतायला लागतात."

"उन्हात, धुळीत, माश्यांत? शाळेच्या खोलीत? नाही. ज्यांच्याजवळ माणूस आहे तेवढ्यांचं करू."

परतीच्या गाडीत करंजीचा घाट उतरल्यावर हेडमास्तर म्हणाले, "ज्यांना कोणी नाही त्यांच्यासाठीच तर काढलं होतं हे."

मी घरी आले तर ओट्यावर चाची आणि मावशी बसलेल्या. मी काय झालं ते सांगितलं. मावशी शांतपणे म्हणाली, "माझं ऱ्हाऊ द्या मग. किती दिस ऱ्हायलेत माझे."

चाची तिच्यावर उखडली. "लई शानी हाय. कोंबडी म्हनून माझ्या मांजराला दाने टाकती, आन् म्हनं ऱ्हाऊ द्या." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, मी बसते हिच्यापाशी. मला डाव्या डोळ्यानं दिसतं तेवढं."

"आणि तुमची शस्त्रक्रिया?"

"हिची पट्टी सुटली की हिनं माझ्यापाशी बसायचं. मागनं करतील माझी."

"डॉक्टर एकदाच येणार आहेत, चाची."

"मग इचारा त्यास्नी दोनदा येता का म्हनून."

मी तशीच हेडमास्तरांच्या घरी गेले. ते जेवायला बसले होते. ताटावरूनच त्यांनी ऐकलं, घास तसाच हातात राहिला. एकाने दुसऱ्यापाशी बसायचं, आठ दिवसांनी जागा बदलायच्या. ज्यांच्याजवळ माणूस आहे त्यांचा प्रश्नच नाही. बाकीच्यांच्या जोड्या लावायच्या. त्यांनी तिथल्या तिथे डॉक्टरांना पत्र लिहायला घेतलं आणि मध्येच मला विचारलं, "पण आठ दिवसांपूर्वी डोळा कापलेल्या माणसाला दुसऱ्याचं करता येईल?" ते मलाही ठाऊक नव्हतं. पत्रात तेही विचारलं. उत्तर आलं: दोन रविवार लागोपाठ येतो. पट्टी सुटलेल्याने बसायला हरकत नाही, भरवायला हरकत नाही, पण वाकायचं नाही आणि जड उचलायचं नाही.

मग जोड्या लावायचं काम. वाटलं होतं त्याहून ते फार कठीण निघालं. पहिल्या फेरीत जायला कोणीच तयार होईना. आधी दुसऱ्याला दिसतंय का ते पाहू, असं प्रत्येकाच्या मनात. एका वस्तीवरचे दोन म्हातारे होते, बांधाच्या भांडणावरून त्यांनी कित्येक वर्षं एकमेकांशी बोलणं टाकलेलं. त्या वस्तीवरून तेवढे दोघेच आलेले, तेव्हा दुसरी जोडी लागणार कशी? हेडमास्तरांनी दोघांना समोरासमोर बसवलं. एक म्हणाला, "बसतो मी. पन बोलनार न्हाई." दुसरा म्हणाला, "मला तरी कुटं बोलायचंय." अशी ती जोडी लागली.

पहिल्या रविवारी डॉक्टर सकाळीच आले. सातवीच्या वर्गात टेबलं जोडून शस्त्रक्रियेची जागा केली होती. एकेकाला आत न्यायचे आणि दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून बाहेर आणून बाजेवर निजवायचे. डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. त्या चाचीने शिवलेल्या आणि आम्ही ओढ्यातून वाळू आणून भरलेल्या. दुपारपर्यंत शाळा इतकी शांत झाली की देवळात पाढे म्हणणाऱ्या मुलांचा आवाज स्पष्ट ऐकू यायला लागला.

संध्याकाळी पहिली अडचण आली. एका म्हाताऱ्याला भांडं हवं होतं. त्याच्या उशाशी बसलेला जोडीदार परक्या गावचा. तो घुटमळला. लाज म्हणा, शिवाशिव म्हणा, काय होतं कोण जाणे. म्हातारा पुन्हा पुन्हा मागू लागला, उठायला बघू लागला. हेडमास्तर दारात उभे होते. त्यांनी टोपी काढून खिडकीत ठेवली, कोट खुंटीला लावला, भांडं आणलं, म्हाताऱ्याला हलू न देता त्याच्याखाली सरकवलं आणि झाल्यावर स्वतःच मागे नेऊन धुतलं. परत येऊन हात पुसता पुसता ते जोडीदाराला इतकंच म्हणाले, "डोकं हलू द्यायचं नाही, एवढं लक्षात ठेवा. बाकी काही अवघड नाही." त्यानंतर त्या खोलीत कोणी घुटमळलं नाही. आम्ही शिक्षकही नाही. पट्टी सुटलेल्यांना वाकायची मनाई होती, त्यामुळे दुसऱ्या आठवड्यात ते काम आम्हालाच करायचं होतं.

ते आठ दिवस माझ्या आयुष्यातल्या सुखाच्या दिवसांत मोडतात. सकाळी देवळात मुलांना शिकवायचं, मधल्या सुट्टीत शाळेकडे धावायचं. गावातून कोणी ना कोणी दूध आणून द्यायचं, मागच्या पडवीत रव्याची खीर शिजायची. बायकांच्या खोलीत सगळ्या डोळे बांधून उताण्या पडलेल्या आणि तोंडं चाललेली. हसायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि चाची मावशीच्या उशाशी बसून असं काही बोलायची की शेजारच्या बाजाही हलायला लागायच्या. मी रागावायचे. ती म्हणायची, "मी कुटं हसतेय?"

पुरुषांच्या खोलीत ते दोन म्हातारे होते. एक चमचा पुढे करायचा, दुसरा तोंड उघडायचा. शब्द नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी मी खिरीचं पातेलं घेऊन गेले तेव्हा निजलेला म्हणाला, "साखर कमी हाय." मला वाटलं मला म्हणतोय. पण उशाशी बसलेल्याने उत्तर दिलं, "तुला गोड लईच लागतंय, पयल्यापास्नं." मी पातेलं ठेवून बाहेर आले.

मावशीची पट्टी सुटली तेव्हा डोळ्यावर हिरव्या कापडाची झापड बांधली. ती जरा उचलून तिने सगळ्यांत आधी चाचीकडे पाहिलं आणि म्हणाली, "लई म्हातारी झालीस गं."

दुसऱ्या रविवारी चाचीची पाळी होती. आदल्या दिवशी पापण्यांचे केस कापून झाले, सकाळपासून डोळ्यांत थेंब पडत होते, सगळे उपाशीपोटी बसलेले. डॉक्टर आले नाहीत. दहा वाजले, बारा वाजले. हेडमास्तर रस्त्यावर जाऊन उभे राहायचे आणि परत यायचे. दुपार कलल्यावर गाडी आली. नगरच्या दवाखान्यात एका मुलाच्या डोळ्याला दुखापत झालेली आली होती, ते काम उरकूनच त्यांना निघता आलं होतं. अंधार पडायच्या आत जेवढ्या होतील तेवढ्याच करता येणार होत्या. विजेचा भरवसा नव्हता.

डॉक्टर रांगेतून फिरले. ज्यांना दोन्ही डोळ्यांनी काहीच दिसत नव्हतं त्यांना पुढे घेतलं. ज्यांना एका डोळ्याने थोडंफार दिसत होतं त्यांना थांबायला सांगितलं. चाचीपाशी आल्यावर त्यांनी डाव्या डोळ्यासमोर हात हलवून पाहिला. "दिसतंय?"

चाचीला खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, "हलतंय तेवढं दिसतं."

"पुढच्या वर्षी करू, आजी."

ती उठली, पदर सारखा केला. मला म्हणाली, "बरं झालं बाई, लई भूक लागली हुती." मी पडवीत जाऊन खीर ढवळत राहिले आणि रडत राहिले. मावशी मात्र हिरवी झापड लावून दारातच उभी होती, आपल्या जोडीदारणीच्या उशाशी बसायला आलेली. तिला कळलं तेव्हा ती हेडमास्तरांना ताडताड बोलली. "माझा डोळा उघडून दिलात आन् हिला परत धाडताय?" शेवटी चाचीनेच तिला हाताला धरून आत नेलं आणि जिच्यापाशी कोणी नव्हतं अशा एका बाईच्या उशाशी बसवलं. आठ दिवस मावशी तिथे बसली. त्या आठ दिवसांत ती हेडमास्तरांशी एक शब्द बोलली नाही.

पुढचं वर्ष दुष्काळाचं आलं. शिबिराचं नावही कोणी काढलं नाही. ऊसच नव्हता तर तोडणार काय, त्यामुळे मावशीची माणसं त्या वर्षी गावातच राहिली आणि सगळी मिळून दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. मावशीही जायची. दिसत असताना घरी कशाला बसू, म्हणायची. चाचीचा डावा डोळाही आता पांढरा होत चालला होता. गाद्या भरून घेणारं त्या वर्षी कोण होतं? ती ओट्यावर नुसती बसून असायची.

उन्हाळ्याची सुट्टी लागली तशी मी तिला म्हटलं, "चला, नगरला जाऊ. दवाखान्यात उन्हाळ्याची अडचण नसते."

"आन् बसंल कोन?"

"मी बसेन."

दुसऱ्या दिवशी तिने कपड्यांचं बोचकं बांधलं.

डॉक्टरांनी तिला ओळखलं. "त्या दिवशी तुम्ही राहून गेलात, नाही का?" चाची म्हणाली, "तुमी तरी काय करनार, दिस मावळत हुता." शस्त्रक्रिया झाली. आठ दिवस मी तिच्या उशाशी होते. केडगावहून आई सकाळ-संध्याकाळ भावाकरवी खीर पाठवायची. भरवायला, भांडं द्यायला, पंख्याने वारा घालायला मीच. दुसऱ्यांना सांगणं आणि स्वतः करणं यातला फरक मला तेव्हा कळला. तिसऱ्या दिवसानंतर माझी कंबर इतकी दुखायला लागली की तिसगावच्या त्या म्हाताऱ्यांनी लाकडी बाकांवर बसून हे कसं निभावलं असेल याचं मला नवल वाटू लागलं. चाचीला ते कळायचं. ती झोपल्याचं सोंग करायची, म्हणजे मी जरा पाठ टेकावी.

काही आठवड्यांनी चष्मा आला. जाड भिंगांचा, तिचे डोळे त्यात बशीएवढे दिसायचे. चष्मा लावून तिने पहिल्यांदा काय केलं असेल तर अलीकडच्या वर्षांत स्वतः शिवलेली एक गोधडी उलगडून ओट्यावर पसरली. बराच वेळ वाकून पाहत राहिली.

"हे टाके मी घातलेत?"

"तुम्हीच."

"आन् लोकांनी नेल्या गोधड्या? कुनी काय बोललं न्हाई?"

तिने ती गोधडी ओळीओळीने उसवायला घेतली. मावशी खडीवरून दमून आली होती, तीही शेजारी बसून दोरे ओढू लागली. दोघींचं भांडण लगेच सुरू झालं, कात्री कोणाची यावरून.

पाऊस पुन्हा नीट झाला त्याच्या पुढच्या थंडीत शिबिर झालं. हेडमास्तरांनी या वेळी फळ्यावर आधी बाजा मांडल्या नाहीत. आधी गावोगाव फिरून जोड्या लावल्या, मग जेवढ्या जोड्या तेवढ्याच बाजा मागितल्या. डॉक्टरांकडून दोनाऐवजी तीन रविवार घेतले आणि तिसरा मोकळाच ठेवला, राहून गेलेल्यांसाठी. तो लागलाही. ज्यांना जोडीच मिळाली नाही अशी तरीही काही माणसं उरली. त्यांच्यापाशी आधीच्या शिबिरातले चष्मेवाले येऊन बसले, बोलावल्याशिवाय. ते दोन म्हातारे त्यांत होते. आता दोघांचं बोलणं इतकं वाढलं होतं की त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवावं लागलं.

त्यानंतरच्या जूनमध्ये माझी बदली झाली. लग्नही ठरलं होतं. सामान फारसं नव्हतं, एक ट्रंक आणि एक वळकटी. हेडमास्तर सकाळीच भेटून गेले होते. स्टँडवर चाची आणि मावशी आल्या. तिघी पिंपळाखाली उभ्या होतो. मावशी ट्रंकेचं कुलूप ओढून पाहत होती. गाडी यायची त्या पाथर्डीच्या दिशेने रस्ता मोकळा पडला होता. मी दोनदा टाचा उंचावून पाहिलं, मला काहीच दिसेना.

चाचीने चष्मा नाकावर नीट बसवला आणि त्या दिशेने पाहिलं.

"आली बाई तुमची गाडी," ती म्हणाली. "वळनावर धूळ उडतेय."